तस्करीतून सुटका झाली, पण आरोपी ठरली: पीडितांवरच गुन्हा दाखल होतो तेव्हाचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फौजदारी कोर्टात वकिली करते आणि मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे. खालचे प्रश्न कोर्टाच्या व्हरांड्यात, पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर आणि सुधारगृहाच्या भेटीच्या खोलीत मला वारंवार विचारले गेले आहेत. विचारणाऱ्या कधी त्या मुली असतात, कधी त्यांच्या आया, कधी संस्थेच्या कार्यकर्त्या, कधी नुकती सनद मिळालेले वकील. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, त्यामुळे हे वाचून झाल्यावरही वकील गाठाच.

हे नेमकं कोणासाठी आहे?

ज्यांना फसवून, विकून, धमकावून किंवा कर्जात अडकवून कामाला जुंपलं आणि त्याच काळातल्या कृत्यासाठी ज्यांच्यावर गुन्हा दाखल झाला, अशा सगळ्यांसाठी. लॉजवरच्या रेडमध्ये सापडलेली मुलगी. कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडून आणलेली बाई. सिग्नलवर भीक मागायला बसवलेलं पोर. उसाच्या फडावरून रात्रीतून निघून आलेलं जोडपं, ज्यांच्यावर उचल, म्हणजे मालकाकडून आगाऊ घेतलेले पैसे, बुडवल्याची फिर्याद झाली. नोकरीच्या आशेने परदेशी जाऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यावर डांबला गेलेला तरुण. यांतल्या कोणालाही पकडल्यावर पहिल्यांदा विचारलं जातं, "तू काय केलंस?" "तुला इथे कोणी आणलं?" हा प्रश्न उशिरा येतो, कधी येतच नाही. तो लवकर विचारला जावा आणि त्याचं उत्तर कागदावर यावं, म्हणून माझी सगळी धडपड असते. पुढच्या बहुतेक उत्तरांचा गाभाही तोच आहे.

तस्करीच्या पीडितेला शिक्षा करू नये, असा सरळ कायदा भारतात आहे का?

एका कलमात लिहिलेला नाही. संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांवर बंदी घातली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये तस्करीला किमान सात वर्षं सक्तमजुरी आहे. एकाहून जास्त व्यक्तींची किंवा बालकाची तस्करी असेल तर किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. तस्करी झाली का हे ठरवताना पीडितेची संमती होती की नव्हती याला महत्त्व नाही, असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे "ती स्वतःच्या पायाने आली होती" हे दलालाचं उत्तर चालत नाही. पण तिने दबावाखाली केलेल्या कृत्याचं काय, यावर ते कलम गप्प आहे.

इंग्लंडमध्ये २०१५च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या कलम ४५ ने असा बचाव दिला आहे. तोही सर्व गुन्ह्यांना लागू नाही; गंभीर गुन्ह्यांची एक मोठी यादी त्यातून वगळली आहे. आपल्याकडे २०१८ मध्ये लोकसभेने मानवी तस्करीविरोधी विधेयक मंजूर केलं होतं. पीडितेला माफी देणारं कलम त्यात होतं, पण ते फक्त फार मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी. 'पिटा' (देहविक्रयविषयक कायदा), भीक, कागदपत्रं अशा ज्या छोट्या गुन्ह्यांत पीडिता खरोखर अडकतात, ते त्यात बसतच नव्हते. राज्यसभेत न जाता २०१९ मध्ये ते विधेयक रद्दबातल झालं. इतक्या वर्षांत हे एक कलम आपण नीट लिहू शकलो नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यामुळे आज संरक्षण वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेलं आहे. ते वेचून एकत्र करायचं काम वकिलाचं.

पिटाखाली पकडलं म्हणजे "धंदा करणं" गुन्हा झाला का?

नाही. अनैतिक मानवी व्यापार प्रतिबंधक कायदा, १९५६ म्हणजे पोलिसांच्या भाषेतला 'पिटा'. कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणं, बाईला या व्यवसायात आणणं, तिला डांबून ठेवणं हे त्यात गुन्हे आहेत. देहविक्रय करणं हा स्वतंत्र गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये मालाडच्या एका प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आणि संरक्षण गृहात ठेवलेल्या तीन सज्ञान मुलींना सोडण्याचा आदेश दिला.

मग बाईवर गुन्हा लागतो कसा? मुख्यतः दोन कलमांनी. कलम ७: देऊळ-मशीद, शाळा, वसतिगृह, इस्पितळ यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत किंवा अधिसूचित भागात देहविक्रय. कलम ८: सार्वजनिक जागी हावभाव करून, बोलावून गिऱ्हाईक वळवणं. कलम ८ मध्ये पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे, दुसऱ्या वेळी एक वर्षापर्यंत. याच कलमात पुरुषाला जास्तीत जास्त तीन महिने आहेत. त्याला किमान सात दिवसांची अट आहे हे खरं, तरीही कमाल शिक्षा बाईला दुप्पट. १९८६ मध्ये कायदा बदलला, नाव बदललं, बाईला जास्त शिक्षा मात्र अजूनही आहे.

कलम ८ लावलेलं असेल तर एफआयआरमधली जागा नीट वाचा. बंद खोलीत सापडलेल्या मुलीवर "सार्वजनिक जागी" गिऱ्हाईक वळवल्याचा आरोप ठेवलेला मी पाहिला आहे. ते कलम तिथे बसतच नाही.

रेड पडली आणि मला ठाण्यात आणलं. पहिल्या काही तासांत माझे हक्क कोणते?

पिटाच्या कलम १५ नुसार झडतीच्या वेळी बरोबर किमान दोन महिला पोलीस हव्यात. तुमची चौकशी महिला पोलिसानेच करायची. ती नसेल तर मान्यताप्राप्त समाजकल्याण संस्थेच्या महिला प्रतिनिधीसमोर. पंचांत किमान एक बाई हवी. पंचनाम्यावर सह्या कोणाच्या आहेत ते नंतर वकिलाला तपासायला सांगा. रेडमधून बाहेर काढलेल्या व्यक्तीला विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. अटक केली असेल तर चोवीस तासांची मर्यादा आहेच, आणि अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत बाईला अटक करता येत नाही.

अटकेची कारणं लेखी आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवीत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतल्याच एका प्रकरणात, हे सर्व गुन्ह्यांना लागू असल्याचं सांगितलं. बंगाली, नेपाळी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलीला मराठीतला छापील कागद देऊन अंगठा घेतला असेल, तर तो मुद्दा पहिल्याच रिमांडला मांडा.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. पाकिटात कंडोम सापडले म्हणून ते गुन्ह्याचा पुरावा मानू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या बुद्धदेव कर्मस्कर खटल्यातल्या आदेशात बजावलं आहे. पोलिसांनी शिवीगाळ आणि मारहाण करू नये, माणुसकीने वागावं, हेही त्याच आदेशात आहे.

आणि एक गोष्ट कोणी विचारली नाही तरी तुम्ही बोला: कोणी आणलं, किती पैसे घेतले-दिले, फोन आणि आधार कोणाकडे आहे, बाहेर जाऊ देत होते का. मॅजिस्ट्रेटसमोरही हेच सांगा. रडू आलं, शब्द फुटला नाही, तरी चालेल. "मला आणलं, मी आले नाही" एवढं एक वाक्य रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, आलं तरी पुढे त्याचा आधार मिळतो.

"गुन्हा कबूल कर, दंड भर, संध्याकाळी घरी जाशील," असं सांगतात. करू का?

मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे.

मोह का होतो, ते समजतं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ११० खाली, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन म्हणून, रस्त्यावरच्या बायकांना सर्रास कोर्टात आणतात. कबुली, काहीशे रुपये दंड, दोन मिनिटांत मोकळी. पिटाच्या कलम ८ मध्येही तसंच होतं. दंडाचे पैसे बहुतेक वेळा घरवाली (कुंटणखाना चालवणारी बाई) किंवा दलाल भरतो आणि ते तुमच्या हिशेबात कर्ज म्हणून चढवतो. ज्याच्या तावडीतून सुटायचं, त्याच्याकडेच त्या दंडाने तुम्ही परत जाता.

कबुली दिली की ती शिक्षा म्हणून नोंदली जाते. पुढच्या वेळी कलम ८ ची शिक्षा वाढते. कलम १०अ खाली दोन ते पाच वर्षं सुधार संस्थेत पाठवण्याचा आदेश होऊ शकतो. कलम २० खाली त्या भागातून हद्दपार करण्याची कारवाई सुरू झाली, तर हा जुना कागद तुमच्याविरुद्ध उभा राहतो. उद्या तुम्ही दलालाविरुद्ध साक्षीला उभ्या राहिलात, की त्याचा वकील सर्वांत आधी हीच कबुली पुढे करतो.

कलम ८ जामीनपात्र आहे. म्हणजे कबुली न देताही सुटता येतं. जामीनदार नसेल तर वैयक्तिक हमीवर सोडावं असा अर्ज करता येतो. त्याला एखादा दिवस जास्त लागेल. ज्या मुलींनी तो दिवस सोसला, त्यांतल्या एकीनेही मला नंतर "उगाच थांबले" असं म्हटलेलं नाही.

हॉटेलवाल्याने आम्हा सगळ्यांसाठी एकच वकील दिला आहे. चालेल का?

चालणार नाही. २००२ मध्ये 'प्रेरणा' संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की दलाल किंवा कुंटणखाना चालवणाऱ्याच्या वकिलाने त्याच प्रकरणातल्या सुटका झालेल्या मुलींच्या वतीने उभं राहू नये. कारण सरळ आहे. त्याचा अशील सुटायचा असेल तर तुम्ही "मी मर्जीने आले" म्हणायला हवं. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी त्याला फी कोण देतंय, ते विचारा.

तुम्हाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये तस्करी किंवा वेठबिगारीच्या पीडित व्यक्तीचा वेगळा उल्लेख आहे. स्त्रिया, मुलं आणि कोठडीतल्या व्यक्ती यांनाही तो हक्क आहे. जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात तोंडी सांगितलं तरी अर्ज लिहून घेतात. फोन करायचा तर १५१००. काही वेळा आमचेही वकील उशिरा येतात, फाइल न वाचता उभे राहतात. मी ते पाहिलं आहे. तसं झालं तर वकील बदलून मागा. तोही तुमचा अधिकारच आहे.

मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर?

मग ती आरोपी नाहीच. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे ती काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक आहे, आणि तिला बाल कल्याण समितीसमोर नेलं पाहिजे. प्रेरणा निकालातही हाच मुद्दा होता: कुंटणखान्यातून काढलेल्या अल्पवयीन मुलींना गुन्हेगार मुलांसारखं वागवायचं नाही.

खरी लढाई वयाची असते. दलालाने तिला "एकोणीस सांग" असं शिकवलेलं असतं, बरोबर तसंच बनावट आधार असतं. वय ठरवण्याचा क्रम कलम ९४ मध्ये दिला आहे: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. त्या चाचणीत दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, हे न्यायालयांनी मान्य केलं आहे. गावच्या शाळेतल्या निर्गम उताऱ्याची (शाळेच्या नोंदवहीतल्या नोंदीची) एक प्रत खटल्याची दिशा बदलते. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी शिक्षा झाल्यानंतरही करता येतो.

मुलाकडून कोणी गांजाच्या पुड्या पोहोचवल्या, चोरी करवली, भीक मागवली, तर तसं करवून घेणाऱ्या मोठ्यांसाठी याच कायद्यात कलम ७६, ७८ आणि ८३ आहेत. भिकेच्या बाबतीत महाराष्ट्रात १९५९चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. त्यामुळे इथे मुलाला उचललं तर ताबडतोब बाल कल्याण समितीचा मार्ग मागा. १०९८ वर फोन केला तरी तिथपर्यंत पोहोचता येतं.

मी सज्ञान आहे. गुन्हा नाही म्हणतात, तरी सुधारगृहात ठेवलंय. किती दिवस?

ज्याला सगळे सुधारगृह म्हणतात, ते पिटाखाली संरक्षण गृह असतं. पाटीवर 'शासकीय महिला वसतिगृह' किंवा तसंच काही असतं. कलम १७ प्रमाणे चौकशी चालू असताना तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या काळात परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याकडून तुमच्या घरची चौकशी होते. मॅजिस्ट्रेट पाच जणांच्या मंडळाची मदत घेऊ शकतो आणि त्यात शक्यतो तीन बायका असाव्यात असं कायदा म्हणतो. त्यानंतर एक ते तीन वर्षांचा आदेश होऊ शकतो. सज्ञान बाईच्या मर्जीविरुद्ध हे कलम कितपत वापरायचं, हा वादाचा मुद्दा आहे, आणि मघाशी सांगितलेला २०२० चा निकाल तुमच्या बाजूने आहे. तीन आठवडे उलटले आणि अंतिम आदेश नाही, तर सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जा. मर्जीविरुद्ध अडकलेल्या सज्ञान स्त्रियांना शोधून सोडावं म्हणून संरक्षण गृहांची पाहणी करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये राज्यांना सांगितलं आहे.

मात्र एक खरं सांगते. काही मुलींना तिथे राहावंसं वाटतं, कारण दाराबाहेर त्यांना आणणारा उभा असतो. तसं असेल तर तेही सांगा. कलम १९ खाली स्वतःहून संरक्षण गृहात ठेवण्याची विनंती करता येते.

धमकीमुळे केलं, हा बचाव कोर्टात चालतो का?

चालतो, पण दार फार अरुंद आहे. न्याय संहितेचं कलम ३२ म्हणतं: खून आणि मृत्युदंडास पात्र असलेले राज्याविरुद्धचे गुन्हे सोडून, जे कृत्य "नाही केलं तर आत्ताच्या आत्ता माझा जीव जाईल" अशा धमकीखाली केलं, तो गुन्हा नाही. जुन्या दंड संहितेत हेच कलम ९४ होतं.

तस्करी अशा धमकीवर क्वचितच चालते. "गावाकडच्या तुझ्या मुलीला आणू," "व्हिडिओ भावाला पाठवू," "ऐंशी हजार फेड आणि जा." यांतलं काही "तत्काळ मृत्यू"च्या व्याख्येत बसत नाही. तरी हा पुरावा वाया जात नाही. चोरी किंवा फसवणूक ठरायला अप्रामाणिक हेतू लागतो, आणि जबरदस्ती सिद्ध झाली की त्या हेतूला तडा जातो. जामिनाला, शिक्षेच्या प्रमाणाला, परिवीक्षेवर सोडण्याच्या अर्जाला याचाच आधार घ्यावा लागतो. अमली पदार्थांच्या खटल्यात मात्र त्या कायद्याच्या कलम ३५ मुळे आरोपीच्या मनात गुन्हेगारी हेतू होताच असं कोर्ट गृहीत धरतं आणि ते खोडून काढायचं ओझं तुमच्यावर येतं. म्हणून बॅग कोणी दिली, तिकीट कोणी काढलं, पासपोर्ट कोणाकडे होता, हे अगदी पहिल्या दिवसापासून नोंदवा.

मला आणलं होतं, पण नंतर मीच गावातून दुसरी मुलगी आणली. मला वाचवणारं काही आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईचा आवाज नेहमी खाली गेलेला असतो. "एक आणून दे, तुझा हिशेब मिटवते," असं घरवाली सांगते. कायद्याच्या नजरेत ते पिटाचं कलम ५ आणि न्याय संहितेचं कलम १४३, दोन्ही गंभीर. "मीही पीडित होते" एवढ्याने गुन्हा पुसला जात नाही. जी मुलगी आणली, तिचंही आयुष्य आहे, आणि तिच्या बाजूने उभं राहायची वेळ आली तर मी तिच्याच बाजूने उभी राहीन.

तरीही काही वाटा आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३४३ खाली, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात, पूर्ण आणि खरं सांगण्याच्या अटीवर कोर्ट माफी देऊन तुम्हाला माफीचा साक्षीदार करू शकतं. त्यात अर्धवट सांगून चालत नाही. ते जमलं नाही तर तुमचं स्वतःचं आणलं जाणं, वय, कर्ज, मारहाण, त्यातून मिळालेला पैसा किंवा न मिळालेला पैसा हे सगळं शिक्षेच्या सुनावणीत मांडता येतं. वकिलांना विनंती आहे, हे शेवटच्या दिवशी तोंडी सांगू नका. संस्थेचा सामाजिक अहवाल आधीच दाखल करा.

ती बांगलादेशची आहे, पासपोर्ट-व्हिसा नाही. तिच्यावर परदेशी नागरिकांचा गुन्हा लावला.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १ मे २०१२ च्या सूचना इथे सर्वांत उपयोगी आहेत. तपासात परदेशी स्त्री किंवा मूल तस्करीचं बळी असल्याचं दिसलं, तर परदेशी नागरिक कायद्याखाली खटला भरू नये. दोषारोपपत्र दाखल झालं असेल तर तिच्यापुरता खटला मागे घेण्याची पावलं उचलावीत. परत पाठवणं होईपर्यंत तिला योग्य निवारागृहात ठेवावं. म्हणजे तुरुंगात नव्हे. १९४६चा परदेशी नागरिक कायदा आता गेला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांचा नवा कायदा आला आहे. त्यात कागदांशिवाय प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. शिक्षा एवढी मोठी असल्यामुळे या सूचनांचा आग्रह जास्तच धरला पाहिजे.

अडचण कुठे येते? ठाण्यात दोन वेगळे गुन्हे नोंदले जातात: दलालावर पिटा, तिच्यावर परदेशी नागरिकांचा. पहिल्यात ती पीडित, दुसऱ्यात आरोपी, आणि दोन्ही फायली वेगळ्या कोर्टांत. पहिल्या एफआयआरची प्रमाणित प्रत दुसऱ्या कोर्टात देणं हे साधं काम आहे, पण ते कोणी केलं नाही म्हणून एक मुलगी महिनोन्‌महिने तुरुंगात राहिलेली मला माहीत आहे. नेपाळच्या मुलींना भारतात यायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे त्यांच्यावर हा गुन्हा सहसा उभाच राहू नये.

उचल घेऊन पळालो म्हणून मालकाने फसवणुकीची केस केली. आम्ही चोर ठरतो का?

ऊसतोड, वीटभट्टी, दगडखाण, सगळीकडे हाच प्रश्न. फसवणूक ठरायला पैसे घेतानाच बुडवण्याचा हेतू हवा. नंतर फेडता आले नाहीत, काम सोडलं, ही फसवणूक होत नाही.

त्यापुढेही, उचलीच्या बदल्यात तुम्हाला किमान वेतनापेक्षा कमी दिलं, दुसरीकडे जाऊ दिलं नाही, पोरांनाही राबवलं, तर ते वेठबिगार ठरू शकतं. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज नष्टच होतं. त्याच्या वसुलीचा दावा चालत नाही, आणि हे वेठीचं कर्ज नव्हे हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे. तहसीलदार-प्रांत-जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून मुक्ती प्रमाणपत्र घ्या. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत पुरुषाला एक लाख, बायका-मुलांना दोन लाख आणि अत्यंत छळाच्या प्रकरणांत तीन लाख रुपये आहेत. फसवणुकीच्या एफआयआरविरुद्ध उच्च न्यायालयात जाताना तेच प्रमाणपत्र सर्वांत भक्कम कागद ठरतं.

मुलगा थायलंडला डेटा एन्ट्रीच्या नोकरीला म्हणून गेला. म्यानमारमध्ये त्याच्याकडून ऑनलाइन फसवणूक करवून घेतली. परत आल्यावर त्याला पकडतील का?

चौकशी होईल, हे गृहीत धरा. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी थायलंडच्या माए सोतमधून पाचशेहून जास्त भारतीय परत आणले. म्यानमारमधल्या म्यावाडीच्या कंपाउंडमध्ये, तसंच कंबोडिया-लाओसमध्ये काय चालतं, हे आता तपास यंत्रणांना चांगलं ठाऊक आहे. पण तिथे मर्जीने गेलेलेही असतात, त्यामुळे प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं जातं.

म्हणून पुरावा त्याने स्वतः जपायचा. एजंटाशी झालेले चॅट, दिलेले पैसे, खोटी ऑफर, पासपोर्ट काढून घेतल्याची हकीकत, दूतावासाला केलेली विनवणी, मारहाणीचे फोटो. घरच्यांनी त्याचे रडके व्हॉइस मेसेज पुसू नयेत. एजंटाविरुद्ध न्याय संहितेच्या कलम १४३ खाली तक्रार आधी त्यानेच द्यावी. फसवणुकीच्या गुन्ह्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने पोलिसांनी सहसा आधी हजर राहण्याची नोटीस द्यायला हवी. नोटीस आली तर पळू नका, वकिलाला घेऊन हजर व्हा. गुन्हा पूर्णपणे परदेशात घडला असेल, तर इथे खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, हा मुद्दाही वकिलाने तपासावा.

पेपरात नाव आलं तर?

बालकाची ओळख छापणं गुन्हा आहे. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणंही न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. सज्ञान मुलीच्या बाबतीतही, आरोपी असो वा पीडित, तिची ओळख माध्यमांनी उघड करू नये असं २०२२चा आदेश सांगतो. रेडच्या वेळी तोंडावर ओढणी घेतलेल्या मुलींची रांग उभी करून काढलेले फोटो अजून छापले जातात. हे थांबायलाच हवं.

आरोपी असताना नुकसानभरपाई मागता येते का?

येते. दलालाविरुद्धच्या गुन्ह्यात तुम्ही पीडित आहात, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. गुन्हेगार सापडला नसेल तरीही. तुमच्यावर वेगळी केस आहे म्हणून अर्ज घ्यायला नकार दिला, तर लेखी नकार मागा.

माझ्यावरची केस संपवायची कशी?

सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीने तुमच्यापुरता खटला मागे घेऊ शकतो. दोषारोपपत्रात पुरावाच नसेल तर दोषमुक्तीचा अर्ज होतो. ते जमलं नाही तर उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याची मागणी. तिन्हीकडे तोच कागद लागतो: पहिल्या दिवशीचा तुमचा जबाब. शक्य असेल तर तो न्यायदंडाधिकाऱ्यासमोर त्याच संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवून घ्या, कारण ठाण्यातला जबाब बदलला असं म्हणणं सोपं असतं. साक्षीची भीती वाटत असेल तर साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करता येतो.

उद्या मुलीला भेटायला जातोय. काय घेऊन जाऊ?

शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला, रेशनकार्ड, तुमचं आधार, तिचा एखादा जुना फोटो. हरवल्याची तक्रार दिली असेल तर तिची पोच नक्की घ्या. तारखेवरून ती कधी गेली हे सिद्ध होतं. ठाण्यात आणि सुधारगृहात तिला "का केलंस" असं विचारू नका. आणि तिच्या मापाच्या चपला घ्या. रेडमधून आणलेल्या कित्येक मुली अनवाणी असतात.